दोन सीटची गाडी आणि मुशीचं तेल

विश्वास ठेवायचा कुणावर, तुम्हीच सांगा बघू? गाडीच्या खाली झोपलेल्या माणसावर, की गाडीच्या आत बसलेल्या बायकोवर? खालचा म्हणतो, "अंकल, आता मख्खन चालते गाडी," आणि आतली म्हणते, "माझा मणका जागेवर नाही राहिला." दोघंही आपापल्या जागेवरून खरंच बोलत असतात हो! मार कोण खातं? मधे जो स्टिअरिंग धरून बसलेला असतो तो... आणि वर त्यालाच म्हणायचं, "तुम्हाला नाही कळणार!"

मला राग कशाचा आहे? त्या वाक्याचा. "अंकल, तुम्हाला नाही कळणार." अहो, मी ज्युलियस, गिरीजचा सुकेळीवाला. राजेळी केळं सोलायचं, उन्हात घालायचं, कावळ्यांशी भांडायचं, मधासारखं झालं की पानात बांधून विकायचं. हा धंदा मला कुणी शिकवला नाही, कॉलेजचं तोंड बघितलं नाही, पण आंगठ्यानं केळं दाबलं की ते आज खायचं की परवा हे डोळे मिटून सांगतो. अशा माणसाला गाडीखालचं रबर कळत नाही म्हणे! बरं बाबा, नसेल कळत. आपण केळीवाले!

आता गाडी कुठली, ते सांगतो. जपानी आहे, लाल, छप्पर मागे दुमडतं, बसकी इतकी की स्कूटरवाला शेजारी थांबला तर खाली वाकून पत्ता विचारतो. माझ्या मुलीपेक्षा, टिफनीपेक्षा, वयानं थोडी मोठीच. वांद्र्याला राहणाऱ्या, जहाजावरच्या एका कॅप्टननं विकायला काढली, मी गेलो केळ्याच्या ऑर्डरसाठी आणि घेऊन आलो गाडी. विनी, म्हणजे आमची मंडळी, दारात उभी. एक चक्कर मारली गाडीभोवती आणि विचारलं, "बाकीची कुठाय?"

बाकीची! अहो, सीटच दोन! आणि तीच तर गंमत आहे, कारण तेव्हाच, टिफनी शाळेत होती, तेव्हाच माझ्या डोक्यात बसलं की हिच्या लग्नाला हिला घरापासून चर्चपर्यंत या गाडीतून मी नेणार. बाप आणि मुलगी. बस्स! आमच्याकडे लग्नाची गाडी म्हणजे काय असतं ठाऊक आहे ना तुम्हाला? नवरीच्या डाव्या बाजूला मावशी, उजव्या बाजूला आत्या, पुढे फोटोवाला, मागे कुणाचं तरी रडणारं पोर, आणि बाप? बाप कुठेतरी दुसऱ्याच्या मोटरसायकलवर, हातात हारांची पिशवी घेऊन! मुलगी घरातून जाते आणि बापाला तिच्याशी शेवटचं धड एक वाक्य बोलता येत नाही. म्हणून दोन सीट. मी काय काय बोलणार होतो तिच्याशी, सगळं मनात लावून ठेवलं होतं, घडावर फणी लागते तसं ओळीनं.

विनीला हे पटायला हवं ना! टिफनीचं लग्न ठरलं तेव्हा ती म्हणाली, "मी आधी बसून बघणार. मला झेपली तर नवरी बसेल. नाहीतर पांढरी मोठी गाडी सांगितलीय मी, सात सीटची." सात सीटची हे तिनं असं म्हटलं, जसं काही मी गुन्हा केलाय दोन सीटचा.

बसली. गेलो बाजारापर्यंत. आणि तुम्हाला सांगतो, गाडी होडीसारखी हलत होती... वळणावर एका अंगाला कलायची ती सरळ व्हायला पुढचं वळण लागायचं, गतिरोधकावरून उतरली की नंतर पाव मैल मान डोलवायची, हो हो हो हो करत. विनीनं एक हात दाराला, एक हात गळ्यातल्या क्रुसाला लावला होता. घरी आल्यावर पाणीसुद्धा न पिता म्हणाली, "पांढरी."

मग मी गेलो विरारला, जितेशकडे. हा जितेश म्हणजे पोरगा हुशार, स्वतःचं गॅरेज, कानात बाळी, हातावर गोंदलेलं पिस्टन, आणि भिंतीवर असे फोटो की कुठलीच गाडी जमिनीला टेकलेली नाही. त्यानं माझ्या गाडीचा कोपरा हातानं दाबला, सोडला. गाडी खाली वर, खाली वर. मी म्हटलं, "अरे, मीही केळं असंच दाबतो!" त्यानं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "अंकल, शॉकर गेलेत. स्प्रिंग बसल्यात. बुश तर कामातून गेलेत. सगळं अपग्रेड करू."

बुश म्हणजे काय, मी विचारलं. तुम्हालाही ठाऊक नसेल, सांगतो. गाडीच्या खाली लोखंडाला लोखंड जोडलेलं असतं, आणि दोन लोखंडांनी एकमेकांचं डोकं फोडू नये म्हणून मधे एक रबराची जाड बांगडी बसवतात. इकडून धक्का आला तरी तिनं सोसायचा, तिकडून आला तरी तिनंच. आवाज करायचा नाही. म्हटलं, कळलं रे, असा माणूस प्रत्येक घरात असतो, आमच्या घरात मी आहे!

"तर ते रबर काढून आपण पॉली टाकू," जितेश म्हणाला. "कडक असतं. लाइफटाइम."

"नक्की लाइफटाइम?"

"अंकल, तुम्हाला नाही कळणार. लाइफटाइम म्हणजे लाइफटाइम."

ठीक आहे. आपण केळीवाले!

गाडी परत आली. चार नवे शॉकर, निळ्या स्प्रिंगा, पिवळे बुश, खालून बघितलं तर चर्चच्या फेस्तासारखी सजलेली. आणि चालवली... अहो, चालवली म्हणजे काय, रस्त्यानंच मला चालवलं! पेव्हर ब्लॉकच्या फटी मला एकेक करून कळायला लागल्या. रस्त्यात कुणी चिंचोका थुंकला असेल तर तो आख्खा होता की फुटका होता, हे मी सांगू शकत होतो. विनी बसली, निर्मळच्या तळ्यापर्यंत गप्प बसली, आणि तिथे म्हणाली, "आधी समुद्र लागत होता, आता खडक लागलाय."

परत जितेश. तो म्हणाला, "अंकल, सेटिंग करायची असते ना!" शॉकरच्या डोक्यावर एक गोल बटण, ते फिरवलं की टिक टिक वाजतं आणि गाडी मऊ होते. आता हे आधी सांगायला काय झालं होतं? माझ्याकडून सुकेळी नेणाऱ्याला मी सांगतो का नाही, की बाबा पान सोडून खा? की पानासकट खाऊन आल्यावर सांगू, "अंकल, सोलायचं असतं ना"? पण असो. टिक टिक केलं, आणि खरं ते खरं सांगायला हवं, गाडी अशी झाली, अशी झाली... वळणावर पाटावर बसल्यासारखी, खड्ड्यात गेली तर एकदाच "हं" म्हणायची आणि पुढे. विनी बसली. काही बोलली नाही. विनी काही बोलली नाही याचा अर्थ तुम्हाला कळतो ना? मी मनातल्या मनात एक मेणबत्ती बोललो.

आणि पंधरवडा गेला नाही तोच आवाज सुरू झाला.

कुईंऽऽऽ... असा. गाडी गतिरोधकावर चढली की कुईंऽऽऽ, उतरली की कुंईईई, आणि फाटकातून आत वळली की दोन्ही एकदम. नुसता आवाज नाही हो, तक्रार! जुनी खाट, सुका रहाट आणि डुकराचं पिल्लू, तिघांना एका पोत्यात घातल्यासारखी. रविवारी मी मिस्साला उशिरा पोचलो, गाडी चर्चच्या आवारात वळवली, आत फादरांचं प्रवचन चालू, आणि ते मधेच थांबले. पूर्ण थांबले! नंतर बाहेर मला म्हणाले, "ज्युलियस, मी पश्चात्तापावर बोलत होतो आणि बाहेरून कुणीतरी खरोखरच रडलं. मला वाटलं, माझ्या शब्दांना यश आलं."

विनी बाजूलाच. तिनं घरी येईपर्यंतही वाट बघितली नाही. "या आवाजात माझी मुलगी चर्चला जाणार नाही. फुलं लावलेल्या गाडीतून डुकरासारखं ओरडत! मी पांढऱ्या गाडीवाल्याला नक्की करते. तुम्ही या मागून, तुमच्या खेळण्यातून."

मी जितेशला फोन केला. "अरे, तुझे बुश ओरडतात!"

"हां अंकल, ग्रीस गेलं असेल आतलं. दर काही महिन्यांनी भरावं लागतं. मेंटेनन्स."

"अरे, तू लाइफटाइम म्हणालास!"

"बुश लाइफटाइम, अंकल. ग्रीस नाही."

ऐकलंत? ऐकलंत हे? म्हणजे मी उद्या म्हणणार, सुकेळी वर्षभर टिकेल, आणि त्याला बुरशी आली की सांगणार, केळं टिकतं हो, गोडवा नाही! लोक दुकान जाळतील माझं! बरं, दुसरं ग्रीस चालणार नाही, त्याला ते खास पांढरं ग्रीस लागतं, ते परदेशातून येतं, ते मागवलंय, ते कुठल्यातरी बंदरात अडकलंय, आणि जितेश स्वतः निघालाय कोल्हापूरला गाड्यांच्या कसल्या शर्यतीला. "तोपर्यंत हळू चालवा, अंकल." हळू चालवली की जास्त ओरडते! "ते कसं, तुम्हाला नाही कळणार." लग्न पुढच्या आठवड्यात, टिफनी घरभर पांढरं कापड पसरून बसलेली, आणि मी? आपण केळीवाले!

टिफनी गोड पोरगी आहे हो. मला म्हणाली, "डॅडी, जाऊ दे ना. मोठ्या गाडीत तुम्ही पण मावाल." मावाल! माझ्या स्वतःच्या मुलीच्या लग्नात मी मावणार! मागच्या डिकीत, केळ्यांच्या करंड्यांसारखा!

त्याच दिवशी मला अर्नाळ्याला जायचं होतं. दिनानाथ तांडेल म्हणून माझा जुना दोस्त आहे तिथे, स्वतःची होडी, आमचं देणंघेणं जुनं आहे: मी त्याला सुकेळी देतो, तो मला सुके बोंबील देतो, दोघंही एकमेकांना म्हणतो की तुझ्या मालाला माझ्यासारखं ऊन लागलेलं नाही. मी किनाऱ्यावर पोचलो, कुईंऽऽऽ करत, तर जाळी विणणाऱ्या सगळ्या माणसांनी माना वर केल्या. दिनानाथ उठून आला.

"ज्युलियस, कोन रडतंय रं?"

"गाडी."

"कनाला रडते?"

मी सगळं सांगितलं. बुश, पॉली, पांढरं ग्रीस, बंदर, विनी, सात सीट. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "आमच्या सुकानूला बी असाच आवाज येतो. खारं पानी लागतं, घासतं, बोंबलतं. आमी काय परदेशातून मलम आनतो काय? मुशीचं तेल लावतो."

मुशी म्हणजे शार्क. तिच्या काळजाचं तेल काढतात, आणि ते होडीच्या लाकडाला चोपडतात, म्हणजे पाणी आत जात नाही. बापजाद्यांपासून चालत आलंय.

"वास?" मी विचारलं. बघा, मी विचारलं! कुणी म्हणू नये की विचारलं नाही!

"कसला वास?" दिनानाथ म्हणाला.

आता ज्या माणसाचं बारसंच बोंबील वाळत घालायच्या वळईखाली झालं त्याला वासाबद्दल विचारणारा मी! पण तेव्हा सुचलं नाही. त्यानं गाडी वाळूवरून फळीवर घेतली, स्वतः खाली शिरला, हातात ब्रश, आणि जिथे जिथे पिवळं दिसेल तिथे तिथे असं तेल पाजलं, असं पाजलं... तान्ह्या मुलाला कुणी पाजत नाही. बाहेर आला, हात पुसले, म्हणाला, "आता चालव."

चालवली. शांत! तुम्हाला सांगतो, शांत म्हणजे कशी, गुड फ्रायडेच्या घंटेसारखी, त्या दिवशी ती वाजवतच नाहीत! गतिरोधक आला, चढली, उतरली, आवाज नाही. मी मुद्दाम परत वळून परत चढलो. आवाज नाही! परदेशी ग्रीस, बंदर, शर्यत, सगळं मुशीनं एका घोटात गिळलं होतं. मी दिनानाथला मिठी मारली. शर्ट नंतर टाकून द्यावा लागला, पण मिठी खरी होती.

दुसऱ्या दिवशी परीक्षा. विनी बसली. छप्पर मी मागे दुमडलं, म्हटलं हवा लागेल, आणि गाडी अशी सणसणत काढली, घर ते चर्च, चर्च ते घर. नुसती शांतता. विनीनं नाक एकदा उचललं. "काहीतरी वास येतोय."

"अर्नाळ्याचा वारा," मी म्हटलं. खोटं काय आहे त्यात? वारा नव्हता, एवढंच.

"ठीक आहे," विनी म्हणाली. "बसेल ती." आणि उतरली. त्या क्षणाला मला वाटलं, आता मला सगळं कळतं! जितेशला न कळलेलं मला कळलं! मी त्याला फोन लावला मुद्दाम. "आवाज गेला रे!"

"काय लावलंत, अंकल? साधं ऑइल नाही ना?"

"मुशीचं तेल."

पलीकडे त्यानं कुणालातरी इंजिन बंद करायला सांगितलं. मग तो म्हणाला, "अंकल... याच्याबद्दल मला नाही कळणार."

आहा! किती गार वाटलं!

संध्याकाळी गाडीखाली पहिलं मांजर दिसलं. शेजारच्या रोझलिनबाईंचं, तांबडं, म्हातारं. मी म्हटलं, असू दे, सावलीला बसलंय. सकाळी तीन होती. हाकलली, बादलीभर साबण, लिंबं, फिनेल, सगळं केलं, मग लग्नाच्या दिवशी फुलवाल्याकडून मोगरा आणून गाडीच्या नाकापासून शेपटापर्यंत गुंडाळला. वास गेला असं वाटलं. वाटतंच हो! मोगऱ्याखाली मुशी कशी राहील?

आणि आता माझी चूक नीट बघा. चूक म्हणजे माझी म्हणता येत नाही, कारण त्या सगळ्या हिशेबात एक गोष्ट धरायला कुणीच सांगितली नव्हती. परीक्षा मी सणसणत दिली. वास मागे उडून गेला. पण लग्नात गाडीच्या पुढे काय असतं? बँड! आमच्या गावचा बँड, पितळी, घामाघूम, प्रत्येक वळणावर थांबून पाहुण्यांना नाचवणारा, आणि त्याच्या मागे नवरीची गाडी, माणसाच्या पावलानं. गाडी हळू, ऊन डोक्यावर, इंजिन तापलेलं, आणि तापलं की काय होतं? सुकवलेल्या बोंबलाला तव्यावर काय होतं?

टिफनी घरातून निघाली. आईच्या गळ्यात पडली, आत्यांच्या गळ्यात पडली, आणि आली माझ्या शेजारी बसली. गाउन एवढा मोठा की गियर शोधायला मला त्यात हात घालावा लागत होता. पण बसली! दोन सीट, बाप आणि मुलगी, मधे कुणी नाही! मागे पांढऱ्या गाडीत विनी आणि सगळ्या बायका, काचा बंद. मी मनातलं पहिलं वाक्य जुळवलं. म्हणणार होतो, "टिफनी, तू लहान होतीस तेव्हा..."

"डॅडी," ती म्हणाली, "मागे बघू नका."

आरशात बघितलं. रोझलिनबाईंचं तांबडं, शेपूट वर करून, वऱ्हाडात लग्न आपल्याच घरचं असल्यासारखं चाललेलं. त्याच्यामागे आणखी. पुढच्या वाडीतून एक आलं. कुंपणावरून एक उतरलं. मासळीवाल्या हंसाबाई टोपली घेऊन कडेला उभ्या होत्या, त्यांच्या पायाशी जी मांजरं रोज बसतात ती उठली, टोपली सोडली, खरी ताजी मासळी सोडली हो, आणि माझ्या गाडीमागे लागली! हंसाबाई ओरडल्या, "ओ शेट, माझं गिऱ्हाईक कुठे नेता?"

बँडवाल्यांनी बघितलं. कॉर्नेटवाल्याला हसू आलं, कॉर्नेट बेसूर झाला, त्याला वाटलं आपण झाकून घेऊ म्हणून त्यानं आणखी जोरात फुंकलं. मी परत सुरुवात केली. "टिफनी, तू लहान होतीस तेव्हा..." आणि टिफनीनं माझा हात धरला, आणि इतकी हसायला लागली, इतकी की डोळ्यांतलं काजळ वाहायला लागलं. "डॅडी, वऱ्हाड वाढलंय!" म्हणाली. मी म्हटलं, "अगं, आजचा दिवस..." "डॅडी, ते काळं बघा, ते धापा टाकतंय, जरा हळू घ्या!" घरापासून चर्चपर्यंत, एवढ्याशा रस्त्याला बँडमुळे तासभर लागला, तेवढा सगळा वेळ आमचा दोघांचाच होता, कुणी अडवायला नव्हतं, आणि मी मनात लावून ठेवलेल्या फणीतलं एकही केळं तिला देता आलं नाही. हसून हसून माझंही पोट दुखायला लागलं. शेवटी चर्चच्या पायरीशी ती उतरताना म्हणाली, "तुम्ही काय सांगत होता?"

मी म्हटलं, "काही नाही. गाउन सांभाळ."

फादर दारात. मांजरं गाडीखाली ओळीनं बसलेली. फादरांनी नवरीला आशीर्वाद दिला, मग गाडीखाली एक नजर टाकली, आणि मला वाटतं, तिकडेही बोटं थोडी हलली. विनी पांढऱ्या गाडीतून उतरली, माझ्याजवळ आली. मी तयार होतो. ती म्हणाली, "आवाज मात्र नाही आला." आणि आत गेली. एवढंच!

आता टिफनी नवऱ्याबरोबर नाशिकला आहे. परदेशी ग्रीस आलं, लग्नानंतर. जितेश विरारमध्ये सगळ्यांना सांगतो की सेटिंग त्याची. दिनानाथ अर्नाळ्यात सांगतो की तेल त्याचं. बुश अजून शांत आहेत, ते सांगतात की काही सांगू नका. मी रविवारी गाडी काढतो, तर शेजारच्या सीटवर ते तांबडं येऊन बसतं, हाकललं तरी उतरत नाही. विनी म्हणते, असू दे, तेवढंच कुणीतरी.

ते सगळं मी सोसलं. आता माझा राग दुसराच आहे. परवा पापडीच्या बाजारात एक अनोळखी माणूस मला म्हणतो, "तुम्हीच ना ते, ज्यांच्या मुलीच्या वरातीत चाळीस मांजरं होती?" काल नालासोपाऱ्यात शंभर झाली. अहो, मी धंदा करतो, तोलून मापून देतो, माझ्या नावावर असा खोटा माल का खपवता? मी आरशात मोजली आहेत, टिफनीनं मोजली आहेत, फोटोत आहेत. तुम्ही सांगणारच आहात, ते मला ठाऊक आहे, सांगा, बिनधास्त सांगा. पण हिशेब प्रामाणिक ठेवा. मांजरं नऊ होती. दहावं कुत्रं होतं, ते वेगळं मांडा.